अक्कांची माघार

अक्का, तुमच्या दहाव्याला आलेल्या एका म्हातारीनं मला विचारलं, "तू कोन गं तिची?" मी म्हटलं, धाकटी जाऊ. तशी ती म्हणाली, "जाऊ हाईस आन येवढी रडतीस? जावांचं कुठं पटत आसतं व्हय?" रडता रडता मला हसू फुटलं. म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. आपलं पटलं कुठं? मत कुणाला द्यावं यावर पटलं नाही, टीव्हीवर काय बघावं यावर पटलं नाही. सिटी बसनं जावं की रिक्षानं, यावरून तर आपण एकदा भर रस्त्यात भांडत उभ्या राहिलो आणि तेवढ्यात बसही गेली, रिक्षाही गेली.

तुमचं नाव, वय, मागं कोण कोण आहे, हे सगळं गावच्या चौकातल्या फ्लेक्सवर छापलंय. वर तुमचा फोटो आणि खाली ओळीनं पुढाऱ्यांचे. तुम्ही असतात तर एकेकावर बोट ठेवून मला विचारलं असतं, "हा कोन? ह्यानं काय केलंय? मंग हितं काहून?" म्हणून ते सगळं सोडून देते. मला तुमच्याशी बोलायचंय ते वेगळंच. एक गोष्ट तुम्ही माझ्यापासून लपवून ठेवलीत, आणि ती मला तुमच्या माघारी कळली. तेव्हापासून डोक्यात सारखे प्रश्न येतायत, आणि उत्तर देणारं माणूस नाही.

तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडं राहायला आलात तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा. देवगाव रंगारीच्या पुढं, तुमच्या गावात, विहिरी कोरड्या पडल्या होत्या. थोरले भाऊजी मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरले होते. तुमचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, उन्हातान्हात चालणं झेपणार नव्हतं. म्हणून तुमच्या लहानग्या महादूला सासूबाईंपाशी ठेवून तुम्हाला आमच्याकडं आणून सोडलं. आम्ही मुकुंदवाडीच्या मागं दोन खोल्यांत राहत होतो. हे वाळूजला कंपनीत, मी सिडकोतल्या एका शाळेत. खोलीच्या पलीकडं ज्वारीचं रान होतं आणि रानात प्लॉटचे दगड रोवलेले. तुम्ही पहिल्याच सकाळी ते दगड बघून विचारलंत, "हे काय पेरलंय?"

मी म्हटलं, "घरं."

"उगवायला किती पानी लागतं?"

मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. नंतर कळलं, तुम्ही खरंच विचारत होतात. नळाला पाणी कधी येतं, कुठून येतं, पैठणहून येतं तर चढावर कसं चढतं, आणि शहराला चढतं तर आपल्या गावाला काहून चढत नाही. यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं होती. उरलेली यांना विचारा म्हटलं. हे जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, ते राजकारण आहे." तुम्ही म्हणालात, "आसू दे की. सांगा ना मंग."

आमच्याकडं तेव्हा लाकडी शटरचा काळापांढरा टीव्ही होता. वाऱ्यानं अँटेना फिरला की पडद्यावर मुंग्या यायच्या. हे पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचे आणि मी दारात उभी राहून ओरडायचे, "आलं, आलं, गेलं!" तुम्हाला सिनेमाची गोडी नव्हती. तुम्हाला बातम्या लागायच्या, आणि बातम्यांपेक्षाही बातम्या वाचणारी बाई.

"शोभा, हिच्या टेबलाखाली काय आसंल गं? चपला घालून बसत आसंल का तशीच?"

"मला काय माहीत अक्का."

"हिला ह्या बातम्या कोन सांगतं?"

"लिहून देतात."

"लिहिनारा कुठं बसतो?"

मी उत्तरं देऊन थकायचे, तुम्ही विचारून थकत नव्हतात. मधेच चित्र जायचं आणि व्यत्ययाची पाटी यायची. तुम्ही ती मला वाचायला लावायचात. म्हटलं, अडचण आलीय, माफ करा असं लिहिलंय. तुम्हाला ती पाटी फारच आवडली. सरकारनं माफी मागितलेली तुम्ही पहिल्यांदाच पाहत होतात.

एका संध्याकाळी बातम्यांत दुष्काळ दाखवला, कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्याचा. भेगाळलेली जमीन, घागरींची रांग. तुम्ही अगदी पुढं सरकून बसलात. संपल्यावर म्हणालात, "आपलं कधी दाखवनार?" मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "जाऊन सांगा त्यांना."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर दाराला कुलूप, किल्ली शेजारी. तुम्ही आलात दिवेलागणीला, पायावर वीतभर धूळ, तोंडावर असं काही तेज की मला रागवायचंही सुचेना. सिडको बसस्टँडवर कंडक्टर "टीव्ही सेंटर, टीव्ही सेंटर" ओरडत होता आणि तुम्ही चढलात. हडकोतल्या एका चौकाचं ते नाव, तिथं टीव्हीचा मनोरा आहे म्हणून पडलेलं. रोज शेकडो लोक त्या नावाचं तिकीट काढतात, पण टीव्हीसाठी तिथं उतरलेल्या तुम्ही एकट्याच असाल.

कंडक्टरनं विचारलं होतं, "क्या अम्मा, किधर?"

"टीव्ही शेंटर."

"उधर कौन है तुम्हारा?"

"बातम्यावाली."

सगळी बस हसली म्हणे. तुम्हीही हसलात, कारण सगळे हसत होते. उतरल्यावर विचारत विचारत तुम्ही मनोऱ्याच्या फाटकापाशी गेलात. तिथला वॉचमन पाचोडकडचा निघाला. त्यानं तुम्हाला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, आणि खरं ते सांगितलं.

"मावशी, हितं काय बनत नाय. वरून येतंय, ते आमी पुढं सोडतो."

"आन हितून वर?"

"वर नाय जात."

"काहून?"

"तशी सोयच नाय मावशी."

तुम्ही मग त्याच्या गावचा दुष्काळ त्याला विचारलात आणि आपल्या गावचा त्याला सांगितलात. घरी येऊन जेवताना म्हणालात, "लई साधं हाय गं ते. येक खांब हाय जाळीचा. बघून बघून मान दुखली." आणि थोड्या वेळानं, भाकरी मोडता मोडता, "पन वर जायची सोय ठिवायला पायजे व्हती." हे हसले. मी नाही हसले, पण तुमच्यासारखा विचारही करत बसले नाही. पाचवीच्या वह्या बाकी होत्या.

त्यानंतर तुम्हाला बसचा नाद लागला. दुपारी निघायचात, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचात, त्याच बसनं परत. हर्सूल, रेल्वे स्टेशन, पडेगाव, चिकलठाणा. उतरून बघायचं काहीच नसायचं तुम्हाला. तुम्ही ऐकायला जायचात. संध्याकाळी मला सांगायचात, "हर्सूलच्या बसमधले लोक सरकारवर लई चिडल्यात. टेशनच्या बसमधले नाय चिडले, त्यांना घाई हाय." मी म्हणायचे, अक्का, ह्याला बातम्या म्हणत नाहीत, गप्पा म्हणतात. गप्पांवर मत बनवायचं नसतं. तुम्ही म्हणायचात, "मंग कशावर बनवायचं? त्या टेबलवालीला ना सांगनारा ठाव, ना ऐकनारा." यावर आपण अर्धा उन्हाळा भांडलो.

आणि तुमची बस काही नेहमी खरं बोलत नव्हती, हेही लिहून ठेवते. एकदा तुम्ही पडेगावच्या बसमधून बातमी आणलीत की धरण आटलं, आता महिनाभर शहराला थेंब नाही. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी पातेली, परात, वाटीसुद्धा भरून ठेवली, दोन घरांत त्यावरून मारामारीची वेळ आली. आणि ठरल्या दिवशी नळाला पाणी धो धो आलं. भरून ठेवायला एक भांडं रिकामं नव्हतं. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "सांगनारानं लई मनापासून सांगितलं व्हतं."

पाऊस झाला तशा तुम्ही गावाकडं गेलात. मग वर्षातून एकदोनदा यायचात. तेवढ्यात शहर वाढत राहिलं. ज्वारीच्या रानात खरंच घरं उगवली, मग घरांवर मजले. जालना रोडवर पूल झाले. मी स्कुटी घेतली. तुम्ही एकदाच मागं बसलात, क्रांती चौकापर्यंत, आणि उतरल्यावर म्हणालात, "हिच्यावर बोलायचं कोनाशी? तुझं तोंड तिकडं, माझं पदरात." मी म्हटलं, वेळ वाचतो. तुम्ही विचारलंत, "वाचवून कुठं ठिवतीस?" मला उत्तर होतं. वाचलेल्या वेळात मी मुलीचा अभ्यास घेत होते, आणि ती आज इंजिनिअर आहे. ते मी तुम्हाला सांगितलंही. तुम्ही मान डोलावलीत आणि परत जाताना बसनंच गेलात.

राजकारणात मी सरळ होते. रस्ते, पूल, वीज, पोरांना नोकऱ्या. जो देईल त्याला मत. तुमचं मला कधी नीट कळलं नाही. एका उमेदवारावर तुमचा फार जीव होता, कारण तो प्रचारात एक दिवस सिटी बसनं हिंडला आणि त्यानं तुम्हाला बसायला जागा दिली. मी म्हटलं, अक्का, मागं फोटोवाला होता त्याच्या. तुम्हाला पटेना. निवडून आल्यावर त्यानं बसचं नाव काढलं नाही. मधली काही वर्षं तर सिटी बस नावालाच उरली. मी तुम्हाला टोचलं तर म्हणालात, "मानूस बरा व्हता, त्याला बस मिळाली नसंल."

एकदा आपण दोघी पुलाखालच्या जुन्या थांब्यावर उभ्या होतो आणि आपली बस वरून निघून गेली. तुम्ही मान वर करून तिच्याकडं बघत राहिलात. मला त्याचाच राग आला. मी म्हटलं, "म्हणजे पूल बांधायचाच नाही का?" तुम्ही म्हणालात, "बांधायचा की. मी कुठं नको म्हनले?" आणि मग रस्ताभर आपण पूल या विषयावर भांडलो. तो वाद अजून संपलेला नाही. माझ्या मते पूल हवाच होता. थांबा हलवायला हवा होता, एवढं मी तेव्हाच मान्य करायला पाहिजे होतं का? कदाचित.

टीव्हीही बदलला. रंगीत आला, केबल आली, मग पडद्यावर चार चौकटी आणि चौघंही एकदम ओरडणारे. मला ते बघायला आवडायचं, चर्चा असते म्हणून. तुम्ही जरा वेळ बघून विचारायचात, "ह्यातलं कोन कोनाचं ऐकतंय?" आणि स्वयंपाकघरात निघून जायचात.

आता सरपंचपदाचं.

पुन्हा दुष्काळ पडला होता. गावाला टँकर चालू होता, आणि तो वरच्या आळीच्या विहिरीत रिकामा व्हायचा, म्हणजे आपल्या घरापाशी. ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन वर चढायच्या. सरपंच आता गावानं थेट निवडायचा होता, आणि जागा बाईसाठी राखीव निघाली. वरच्या आळीची बैठक बसली. भाऊजींनी तुमचं नाव सांगितलं आणि ते ठरलं. तुम्हाला विचारायची पद्धत नव्हतीच. त्यांचा हिशेब साधा होता: नाव तुमचं, कारभार त्यांचा.

मला मात्र भारी आनंद झाला. रविवारच्या एसटीनं मी गावाला आले. म्हटलं, अक्का, एकदा खुर्चीत बसा, मग कारभार कुणाचा ते बघू. मी आहे ना. इतकी वर्षं प्रश्न विचारलेत, आता उत्तरं द्यायची पाळी तुमची. तुम्हाला अंगठा लावू द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. शाळेतल्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर मी तुमच्याकडून सही गिरवून घेतली. 'गयाबाई' लिहिताना 'ग'ची उभी रेघ दर वेळी लांब पडायची. तुम्ही विचारायचात, "ह्यो येवढा दांडा काहून लागतो?" पण शिकलात. अर्जावर अंगठा नाही, सही झाली. तालुक्यात, कन्नडला, सगळ्यांसमोर.

दुसरा अर्ज एकच होता. खालच्या वस्तीवरच्या चंद्रकलाचा. शिवणकाम करून घर चालवणारी बाई, नवरा गेलेला. वरच्या आळीत सगळे तिच्यावर चिडून होते. पण तुम्ही निवडून येणार यात कुणाला शंका नव्हती.

आणि अर्ज मागं घ्यायच्या दिवशी भाऊजींचा यांना फोन आला. आवाज असा, की मला लांबून ऐकू येत होता. "तुझ्या वहिनीनं माघार घेतली. येकटी कन्नडला गेली आन सही करून आली. दवाखान्यात जाते म्हनली व्हती मला!"

चंद्रकला बिनविरोध सरपंच झाली. भाऊजींनी तुमच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढलं की जेवायचे, संपलं की उठायचे. आळीतल्या बायका तुमच्याकडं बघून तोंड फिरवायच्या. मी गावाला आले ती भांडायलाच. म्हटलं, मी शिकवलेली सही तुम्ही माघारीच्या अर्जावर केलीत? बाईला मिळालेली जागा बाईनंच सोडायची, मग लोक म्हणतात तेच खरं, की बायकांना हे जमत नाही. तुम्ही शांतपणे शेंगा फोडत होतात. म्हणालात, "जागा बाईलाच गेली ना?"

"पण तुम्ही का नाही?"

"मला वाचाया येत नाय."

पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, तर म्हणालात, "ह्यांच्या कारभाराला मी सही काहून देऊ?" त्याच्या पुढच्या वेळी, "मला येका जागी बसवत नाय बाई." दर वेळी उत्तर वेगळं, आणि दर वेळी मला वाटायचं, हेही खरं नाही. शेवटी दवाखान्यात, तुम्हाला सलाइन लावलेलं, तेव्हाही मी विचारलंच. तुम्ही डोळे मिटून हसलात. "तुला आजून त्येच?" एवढंच.

अक्का, तुमच्या दहाव्याला चंद्रकला आली होती. तिची मुदत केव्हाच संपलीय, केस पिकलेत. सगळे घाटावरून परतल्यावर ती मला गोठ्यामागं घेऊन गेली आणि म्हणाली, "ताई, मला कोनाला तरी सांगायचंय. त्या तुमचं लई नाव काढायच्या, म्हनून तुमाला सांगते. दुसऱ्या कोनाला नका सांगू."

त्या दिवशी देवगावहून कन्नडला जाणाऱ्या एसटीत तुम्ही दोघी होतात. माघार घ्यायला निघाली होती ती चंद्रकला. वरच्या आळीतले लोक तिच्या दिराला भेटून आले होते. काय बोलले, ते तिनं सांगितलं नाही. पण त्या रात्री दिरानं तिला सांगितलं, सकाळी जाऊन कागद मागं घे, नाहीतर शिवणयंत्र उचल आणि माहेरी जा. ती बसमध्ये बसून रडत होती. तुम्ही पुढच्या सीटवरून उठून तिच्याशेजारी येऊन बसलात.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय नाय वो. नुसतं इचारत व्हत्या. सरपंच झालीस तर पह्यलं काय करशील? मी म्हनलं, टँकर खाली आननार. कसा आननार? वस्तीपसला रस्ता खचलाय, त्यो कसा करनार? कोन आडवं येईल? मी सांगत गेले. मी कधी येवढं बोलले नव्हते. त्यांचे इचारने काय संपंना, आन कन्नड आलं."

"मग?"

"उतरल्यावर म्हनल्या, तू हितंच चहा पी. मी येते. तशा कचेरीत गेल्या आन सही करून आल्या. मंग म्हनल्या, आता तुला मागं घेता येनार नाय, गावाला सरपंच तर पायजे. दिराला सांग, मी पोचायच्या आत म्हातारीनंच मागं घेतला."

मी तिला विचारलं, की तुम्ही घरून निघालात त्या कशासाठी? माघार घ्यायला, की खरंच दवाखान्यात, की आणखी कशाला? चंद्रकला म्हणाली, "ते मला बी ठाव नाय. मी इचारलं नाय. त्याच इचारत व्हत्या."

ती म्हणाली, तुम्ही ही गोष्ट कुणालाच सांगितली नाहीत. ती माघार घ्यायला निघाली होती हे दिराशिवाय आणखी कुणाला कळलं असतं, तर पाच वर्षं कुणी तिचं ऐकलं नसतं. म्हणून भाऊजींचा अबोला तुम्ही सोसलात, आळीची तोंडं सोसलीत आणि वर माझं व्याख्यानही. तिच्या काळात टँकर खालच्या वस्तीवर जायला लागला. रस्ता अर्धाच झाला. ग्रामसभेत तुम्ही पुढं बसून तिलाच इतके प्रश्न विचारायचात, की तिला तुमचा राग यायचा, हेही तिनं सांगितलं, डोळे पुसत.

तेव्हापासून मी त्या एसटीचा विचार करतेय. तुम्ही घरून ठरवून निघाला होतात का? की देवगाव ते कन्नड या रस्त्यात ठरलं? तुम्ही तिच्या शेजारी येऊन बसलात ते तिचं रडू बघून, की तुम्हाला तिची उत्तरं ऐकायची होती? मला वाटतं तुम्हाला ऐकायची होती. तुम्ही दोघींचे अर्ज समोर ठेवून निवड केलीत आणि तुम्हाला ती बरी वाटली. हे माझं मत. तुम्ही ते ऐकून काय म्हणाला असतात, देव जाणे.

पण अक्का, आभार मानता मानता एक सांगते. मला अजून वाटतं, तुम्ही उभं राहायला हवं होतं. तिला तुमच्यासोबत घेता आलं असतं. वरच्या आळीच्या तोंडावर दोघींनी मिळून कारभार करता आला असता. हा वाद मी सोडणार नाही. तुम्ही मला एवढं झाकून ठेवलंत, त्याचा मला राग आहे, आणि झाकून ठेवलंत म्हणून तुमच्यापुढं हातही जोडावेसे वाटतात. दोन्ही एकदम वाटतंय.

चंद्रकलाला शब्द दिलाय, म्हणून हे भाऊजींना सांगितलेलं नाही. पण तेराव्यानंतर मी निघायच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी ओट्यावर माझ्यापासून जरा लांब येऊन बसले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी सरळ कधी बोलले नव्हते, काही हवं असलं तर तुमच्या मार्फत. खाली बघत म्हणाले, "मास्तरीनबाई, येक इचारू का?"

"विचारा ना भाऊजी."

"ती मत कोनाला द्यायची वो?"

मी चकित झाले. म्हटलं, "तुम्हीच सांगायचात ना त्यांना, कुणाला द्यायचं ते?"

"सांगायचो की. आन ती हां म्हनायची. येवढी लगेच हां म्हनायची, की मला कधी खरं वाटलं नाय."

मला खरंच माहीत नव्हतं अक्का, तसं मी सांगितलं. मग आम्ही दोघं तुमच्या एकेका निवडणुकीचा अंदाज करत बसलो. मी एक नाव घेतलं की ते मान हलवायचे, "छे, त्याला नाय देनार ती, त्यो कोनाचं ऐकून घेत नव्हता." त्यांनी एक नाव घेतलं की मी म्हणायचे, शक्यच नाही, त्याच्यावरून आमचं भांडण झालं होतं. "भांडन झालं म्हंजी दिलंच आसंल," भाऊजी म्हणाले, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसले. सुनेनं दिवा आणून ठेवला, जेवायला हाक मारली, तरी आम्ही बसलोच होतो. आमचं काही एकमत झालं नाही.